डोणगावची पत्र्याची पेटी

जालन्याहून निघालेली एस.टी. सिंदखेडराजा, सुलतानपूर करीत पैनगंगेकाठच्या मेहकरला येते. तिथे अर्धी गाडी रिकामी होते. उरलेले आम्ही आठ-दहा जण मालेगाव-वाशिमकडच्या रस्त्याला लागतो आणि वीसेक किलोमीटरवर डोणगाव येते. नागपूर-औरंगाबाद या जुन्या रस्त्यावरचे हे मोठे गाव. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबच्या मोटारी वरच्यावर निघून जातात, पण स्टँडवरची गर्दी काही कमी झालेली दिसली नाही. महामार्ग नागपूर-मुंबईकरांसाठी, डोणगावच्या माणसाला मेहकरच्या कचेरीत जायला आजही एस.टी. नाहीतर काळीपिवळीच.

आम्ही गेलो तेव्हा सोयाबीन निघून गेले होते, तूर शेंगांवर होती आणि हरभरा गुडघ्याच्या खाली. मामा स्टँडवर न्यायला आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला पांढरा रुमाल. जयभीम झाला, चहा झाला आणि घरी पोचल्यावर पाय धुण्याच्या आधीच मामांनी खाटेखालून एक पत्र्याची पेटी ओढली. "बाबू, तू शिकेल माणूस हायेस. हे पाय आधी."

वाचकांपैकी ज्यांचे गाव वऱ्हाडात आहे त्यांना 'ई-क्लास' म्हणजे काय हे सांगायला नको. इतर भागांतील बंधुभगिनींसाठी सांगतो : तुमच्याकडे जिला गायरान म्हणतात ती आमच्याकडची ई-क्लास जमीन. सरकारी, गावाच्या गुरांसाठी राखलेली. मामांच्या वडिलांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या काळात, म्हणजे १९६४-६५ च्या सुमारास, अशाच एका खडकाळ तुकड्यातले दगड वेचले आणि ज्वारी पेरली. त्या सत्याग्रहात देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. आमचे आजोबाही गेले होते असे घरात सांगतात. तुकडा चार एकरांचा. साठ वर्षे तीच जमीन घर खाऊ घालते आहे, पण कागदावर ती कधीच आपली झाली नाही.

२०२२ च्या अखेरीस गायरानावरील अतिक्रमणांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महाराष्ट्रात गावोगाव नोटिसा निघाल्या. मामांनाही आली. सुनावणीला ते गेले तेव्हा त्यांना एक छापील कागद दाखवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले आहेत, किती वर्षे वहिवाट आहे किंवा किती खर्च केला आहे याची सबब चालणार नाही, असा त्याचा मतलब होता. मामांनी विचारले, "मंग आमचं काय?" उत्तर आले, सुप्रीम कोर्टापुढे काय बोलणार!

हा कागद खोटा नव्हता, पण तो अपुरा होता.

हे आम्हाला कळले ते मामांच्या नातीमुळे. ही मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकली आणि आज नागपुरात एका कायद्याच्या ग्रंथालयात काम करते. घरात तिच्या नोकरीचे कौतुक होते, पण ती नेमके काय करते हे कोणाला ठाऊक नव्हते. पुस्तके देते-घेते, शिक्के मारते एवढीच आमचीही समजूत. आजोबांनी फोनवर खटल्याचे नाव वाचून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पूर्ण निकालपत्र पाठवले. सोबत एकच निरोप : शेवट वाचा.

प्रकरण पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर या गावचे. तिथे काही जणांनी गावाचे तळे बुजवून घरे बांधली होती. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी २८ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला आणि त्यांच्याविरुद्ध दिला. पण त्याच निकालाच्या अगदी शेवटाकडे न्यायालयाने अपवाद सांगितला आहे. शासनाच्या एखाद्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागी आधीपासून शाळा, दवाखाना असेल, तर अशा अपवादात्मक बाबतीत जमीन नियमित करता येईल. मामांना दाखवलेल्या कागदावर हे वाक्यच नव्हते, कारण तो निकाल नव्हता, निकालाचे सार होते.

यावर नातीने जे समजावून सांगितले ते आम्ही मुद्दाम लिहून घेतले. निकालाच्या वर बारीक अक्षरांत जो गोषवारा असतो, ज्याला वकील मंडळी हेडनोट म्हणतात, तो सामान्यतः न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो; निकाल छापणाऱ्या नियतकालिकाचे संपादक तो तयार करतात. तो सोयीसाठी असतो. त्यात एखादी ओळ राहून गेली तर छापणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते आपल्यासारख्याचे. म्हणून कायद्याच्या ग्रंथपालाने तीन गोष्टी पाहायच्या : निकाल पूर्ण आहे का, तो नंतरच्या निकालाने फिरवला गेला आहे का, आणि ज्या कायद्यावर तो उभा आहे तो कायदा अजून जिवंत आहे का. "काका, वकील बाजू मांडतो. मी बाजू नाही घेत. मी पान पुरं देते," असे ती म्हणाली.

अर्थात अपवाद सापडला म्हणजे जमीन मिळाली असे नाही. अपवाद शासनाच्या निर्णयाखाली बसणाऱ्यालाच आहे. तो निर्णयही तिनेच काढून दिला : महाराष्ट्र शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा. मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्यासंबंधीचा. तारीख वाचून मामा क्षणभर गप्प झाले. १४ एप्रिल कशाची, हे त्यांना सांगावे लागले नाही.

आता प्रश्न पुराव्याचा. १९९० च्या आधीपासून आपण पेरतो हे दाखवायचे कशाने? इथे ती पत्र्याची पेटी कामाला आली. मामांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु सरकारी शिक्का असलेला एकही कागद त्यांनी टाकला नव्हता. अतिक्रमणाबद्दल पटवाऱ्याने वेळोवेळी घेतलेल्या दंडाच्या पावत्या, काही वर्षांची पेरेपत्रके, एक जुनी नोटीस. दंड भरताना शिव्या घातल्या असतील त्याच पावत्या आज साक्षीदार झाल्या. याशिवाय गाव नमुना १-ई म्हणून अतिक्रमणांची एक नोंदवही असते. तिची जुनी नक्कल मागायचा अर्ज नातीने लिहून पाठवला होता. आमच्या समाजात ई-क्लासवर पोट असलेली घरे कमी नाहीत. ज्यांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांनी त्या आजच उघडून पाहाव्यात, आणि वाळवी लागली असेल तर निदान झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर विहारात गेलो. पंचशील ध्वज, तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. तरुणांनी वर्गणी काढून कायद्याची पुस्तके घेतली आहेत हे ऐकून आनंद झाला. कपाट उघडले तेव्हा मात्र आनंद थोडा उतरला. भारतीय दंड संहितेच्या तीन प्रती होत्या. १८६० चा हा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाचे कलम ३०२ होते ते आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. जुन्या प्रती फेकून द्याव्यात असे नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. पण पुस्तकावर तसे ठळक लिहिलेले हवे.

अधिक काळजी वाटली ती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या एका पातळ पुस्तिकेची. १९८९ चा हा कायदा, ३० जानेवारी १९९० पासून लागू. पुस्तिका २०१८ च्या उन्हाळ्यातली. तिच्यात सर्वोच्च न्यायालयाचा २० मार्च २०१८ चा निकाल ठळक छापला होता : गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी, अटकेपूर्वी वरिष्ठांची मंजुरी. त्यानंतर काय झाले ते पुस्तिकेला कसे कळणार? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले आणि या दोन्ही अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश स्वतःच मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरले. म्हणजे आपल्याच विहारातले, आपल्याच वर्गणीचे पुस्तक वाचून आपलाच मुलगा फिर्याद द्यायला कचरला असता. पुस्तक नसल्यापेक्षा हे वाईट.

मोठ्या ग्रंथालयांत यासाठी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून येतात आणि ग्रंथपाल त्या कलमाच्या जागी चिकटवतो. काम कंटाळवाणे, डिंकाने बोटे चिकट करणारे. कुणी त्याबद्दल हार घालत नाही.

वऱ्हाडात तर ही कामगिरी आणखी अवघड आहे. हा मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. जमिनीचा कायदा प्रत्येक वळणावर बदलला. १९२८ ची वऱ्हाडची जमीन महसूल संहिता वेगळी, आजची महाराष्ट्राची १९६६ ची वेगळी. पुण्या-साताऱ्याकडचे जमिनीचे पुस्तक आणून डोणगावचा जुना फेरफार वाचायला बसले तर घोळ झालाच.

गंमत अशी की ऑल इंडिया रिपोर्टर, ज्याला सारे वकील ए.आय.आर. म्हणतात, ते आपल्या नागपुरातूनच निघते. १९१४ पासूनचे त्याचे खंड कुठल्याही कोर्टात भिंतभर दिसतात. मामांच्या निकालाची खूण 'ए.आय.आर. २०११ एस.सी. ११२३' अशी. म्हणजे २०११ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा भाग, पान ११२३. एवढे वाचता आले की कोणत्याही ग्रंथपालाला चिठ्ठी देऊन निकाल मागता येतो. मामांनी ही खूण पाठ केली आहे. बुलडाणा जिल्ह्याचे उच्च न्यायालय नागपूरचेच खंडपीठ. पण डोणगावाहून ते अडीचशेहून अधिक किलोमीटर. भिंतभर खंडांचा उपयोग भिंतीजवळच्यालाच.

बाबासाहेबांना हे अंतर ठाऊक होते. १९१७ साली परदेशातून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती जर्मन पाणबुडीने बुडवली आणि पुस्तके गेली. पुढे राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ चे, त्यांच्या अखेरच्या वर्षातले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याशी त्यांचा जिव्हाळा होता. आपण बॅरिस्टर बाबासाहेब सांगतो, घटनाकार बाबासाहेब सांगतो. त्यांना पुस्तक काढून देणारा माणूस आपल्या भाषणात येत नाही. आमच्या मुलांना वकील व्हा म्हणतो, कलेक्टर व्हा म्हणतो. ग्रंथपाल व्हा असे आम्ही तरी अजून कुणाला म्हटलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत आपले अधिकृत निकाल ई-एस.सी.आर. या नावाने मोफत खुले केले. काही निकालांचे मराठी भाषांतरही मिळते. केंद्राचे कायदे 'इंडिया कोड'वर दुरुस्तीसह पाहता येतात. खटल्याची पुढची तारीख ई-कोर्ट्सवर दिसते. हे सगळे डोणगावच्या स्टँडवर उभे राहून मोबाइलवर उघडते, आम्ही उघडून पाहिले. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. जे धर्मांतरित बौद्ध आहेत त्यांनीही संकोच करू नये. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे.

दुपारी नातीचा फोन आला. आम्ही कपाटाची हकिगत सांगितली. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात दोन दिवसांची रजा काढते, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे तेवढे विचारून ठेवा. तोवर अत्याचार कायद्याच्या त्या पुस्तिकेवर लाल शाईने 'जुनी' एवढे लिहून वेगळी ठेवा, कुणाला देऊ नका.

मामांनी लाल पेन शोधला. घरात नव्हता. शेजारच्या शाळकरी पोरीकडून आणला आणि आम्ही परत विहारात गेलो. पुस्तिकेवर लिहिले, दंड संहितेच्या तिन्ही प्रतींवर १ जुलै २०२४ ही तारीख घातली. मामांच्या सुनावणीचा निकाल अजून लागलेला नाही. १-ई ची नक्कल मिळायची आहे. संध्याकाळच्या गाडीने आम्ही निघालो तेव्हा मामा स्टँडवर आले होते, हातात पावत्यांच्या झेरॉक्सची पिशवी. "एक गड्डा तुह्या घरी ठेव," म्हणाले, "एकाच पेटीवर भरवसा नाही."