कशाच्या चौपट?

आमच्या धंद्यात मथळ्याला फार मान. खालचा मजकूर कोणी वाचो न वाचो, मथळा मात्र चहाच्या पहिल्या घोटाबरोबर वाचकाच्या घशाखाली उतरला पाहिजे, असे आमचे वृत्तसंपादक म्हणत. त्यांच्या हाताखाली मी वीस वर्षे मथळे दिले. आरोग्याचे पान माझ्याकडे होते. ते का, तर शाळेत मला शास्त्र विषयात चांगले गुण पडत, असा एक गैरसमज कचेरीत पसरला होता आणि मी तो दूर केला नव्हता.

२०१८च्या सुरुवातीची गोष्ट. डेन्मार्कमधल्या एका संशोधनाची बातमी टेबलावर आली. हायड्रोक्लोरोथायाझाइड नावाची रक्तदाबावरची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. शरीरातले जादा मीठपाणी लघवीवाटे बाहेर काढणारी. ती खूप घेतलेल्या लोकांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे चौपट आढळले होते. संध्याकाळचे सात वाजलेले, आठला पान सोडायचे, आणि जागा दोन ओळींची. मी लिहिले, 'रक्तदाबाच्या गोळीने कर्करोगाचा धोका चौपट!' उद्गारचिन्हही माझेच.

माझी थोरली बहीण आक्का सदाशिव पेठेत राहते. आमचे पत्र ती पहिल्या पानापासून जाहीर नोटिशींपर्यंत वाचते आणि माझे पान शेजारणींना दाखवून 'आमच्या बाळूचं' म्हणून सांगते. त्या सकाळी तिने कात्री घेतली, मथळा कापला, आपल्या गोळ्यांच्या डब्यात ठेवला आणि गोळी बंद केली. कोणाजवळ बोलली नाही. मलाही तिने विचारले नाही. मीच तर सांगितले होते ना!

दिवाळीच्या आधी दहा दिवस चकलीची भाजणी चाळता चाळता तिच्या हातून चाळणी पडली. अर्धांगवायूचा सौम्य झटका. जीव वाचला, वाचा आठ दिवसांत सुधारली. उजव्या हाताची पकड मात्र पूर्वीसारखी परत आली नाही. डॉक्टरांनी गोळ्यांची चौकशी केली तेव्हा भाचा घरून डबा घेऊन आला. आतल्या कात्रणाची त्याने घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मामा, हे तुमचं," एवढेच म्हणाला.

पुढच्या वर्षी कचेरीने मला दोन दिवसांच्या एका वर्गाला धाडले. वैद्यकीय संशोधनाची बातमी देण्यापूर्वी ती कशी पारखावी, हे पत्रकारांना शिकवण्याचा वर्ग. पन्नाशी उलटल्यावर बाकावर बसणे ही शिक्षाच. त्यात शिकवणाऱ्या बाई संख्याशास्त्राच्या. त्यांनी फळ्यावर पहिलाच प्रश्न लिहिला : 'कशाच्या दुप्पट?'

मग त्यांनी १९९५ सालची ब्रिटनमधली हकीकत सांगितली. संततिनियमनाच्या नव्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथे प्रसिद्ध झाला. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या टाकल्या. ते 'दुप्पट' म्हणजे काय होते? जुन्या गोळीवर सात हजार बायकांत एकीला गुठळी होई, ती नव्या गोळीवर दोघींना! पुढल्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीची भीती त्या गोळीपेक्षाही जास्त असते.

दुपारी प्रत्येकाने आपलेच एक जुने कात्रण तपासायला काढायचे होते. माझ्या पाकिटात एकच होते.

बाईंनी मूळ निबंध समोर ठेवून माझ्याकडूनच हिशेब करवून घेतला. चौपटीचा आकडा होता तो एकूण ५०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध पोटात गेलेल्यांचा. आक्काची गोळी साडेबारा मिलिग्रॅमची. म्हणजे ४,००० दिवस, जवळजवळ अकरा वर्षे. आक्काने ती जेमतेम दोन वर्षे घेतली होती. शिवाय ती माणसे डेन्मार्कची, गोऱ्या कातडीची; आणि उन्हात कोण किती वावरले याची त्या संशोधनात नोंदच नव्हती. हे सगळे निबंधात छापलेले होते. मी तो उघडला नव्हता. (पुढे २०२० साली अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने आकडा दिला : ही गोळी घेणाऱ्या १६,००० लोकांमागे वर्षाला त्या कर्करोगाचा साधारण एक रुग्ण जास्त. हा आकडा दोन ओळींत आरामात बसला असता.)

चहाच्या सुट्टीत मी बाईंना गाठले. म्हटले, "समजा, एका बाईंनी असा मथळा वाचून गोळी सोडली आणि त्यांना झटका आला. तर तो मथळ्यामुळे आला असं म्हणायचं का?"

बाई जरा थांबल्या. "एकीबद्दल तसं सांगता येणार नाही. गोळी चालू असतानाही झटका येतो. हजारजणींनी सोडली तर त्यांच्यात जास्त जणींना येईल, एवढं नक्की." मग माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, "ओळखीच्या आहेत का?"

"वाचक आहेत आमच्या," मी म्हणालो.

उत्तर शास्त्रशुद्ध होते. वर मला सोडवणारेही होते, आणि म्हणूनच ते मला घेता येईना. आक्काजवळ मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "डॉक्टरांना विचारायला हवं होतं मी. तू कशाला मनाला लावून घेतोस?" ते अधिकच लागले.

तेव्हापासून आक्काकडच्या चकल्या मी पाडतो. ती पाटावर बसून डाव्या हाताने चष्मा सावरत देखरेख करते. गेल्या दिवाळीत पहिल्याच घाण्याच्या चकल्या तेलात विरघळू लागल्या. मी म्हटले, "मोहन जास्त झालं बहुतेक."

"अरे, एका घाण्यावरून काय कळतंय?" आक्का म्हणाली. "दुसरा घाल, मग बघू."