जुना खेळ, नवं यंत्र

वस्तू दोन तऱ्हांनी जाते. एक तर ती मोडते, फुटते, वाळवी लागते. नाहीतर ती धडधाकट राहते आणि तिच्या भोवतालचं जग निघून जातं. आमच्याकडे आजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद आहेत. कागद शाबूत, शाईही ठळक. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून गेली आणि आज ते कागद वाचणारं घरात कोणी नाही. जन्मभर मराठी शिकवलं, तरी मीही नाही.

संगणकावरच्या जुन्या खेळांचं अगदी असंच आहे, हे मला अलीकडे कळलं.

१९९६ साली आम्ही एक वापरलेला संगणक घेतला होता. मुलगा तेव्हा नववीत होता. त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. जॉर्डन मेकनर यांनी तो १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी केला आणि १९९० साली तो डॉसवर आला. त्यातला राजपुत्र इतका खरा पळतो, कारण मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. साठ मिनिटांत बारा पातळ्या पार करून राजकन्येला सोडवायचं. वेळ संपली की खेळ खलास.

मुलाआधी तो खेळ पुरा केला आमच्या हिने! दुपारी मागचं आवरलं की ही बसायची. शेवटच्या पातळीवर राजपुत्रासमोर त्याचीच छाया तलवार घेऊन उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलंच बळ कमी होतं. मुलगा तिथे आठवडाभर मरत होता. ही म्हणाली, "अरे, स्वतःशी कसला भांडतोस? तलवार म्यान कर." तेच उत्तर होतं. छाया अंगात मिसळली आणि पुढची वाट मोकळी झाली.

संगणक भंगारात देण्यापूर्वी मुलाने त्यातलं सगळं एका सीडीवर उतरवून ठेवलं होतं. यंदा सुट्टीत नातवाला ती कपाटात सापडली. लॅपटॉपला हल्ली सीडी घालायची सोयच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. नशिबाने सीडी वाचली गेली. पण खेळावर टिचकी मारली तर विंडोज ११ने सरळ सांगितलं, हे या संगणकावर चालणार नाही.

कारण समजून घेतलं तेव्हा मोठी मौज वाटली. खेळ बिघडलेला नाही. तो १६ बिटांच्या जगात लिहिलेला आणि आजची विंडोज ६४ बिटांची. या विंडोजमध्ये १६ बिटांचे डॉस कार्यक्रम चालवायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय त्या काळातले काही खेळ प्रोसेसरच्या वेगावर पावलं मोजायचे. नव्या यंत्रावर ते असे सुसाट सुटतात की हात लावेपर्यंत डाव संपतो. जुन्या संगणकांना 'टर्बो' नावाचं बटण असे, ते यासाठीच उपयोगी पडायचं. नाव टर्बो, पण त्याने वेग कमी करता यायचा.

यावरचा उपाय म्हणजे डॉसबॉक्स. २००२पासून फुकट मिळणारा हा कार्यक्रम लॅपटॉपच्या आत एक खोटा जुना संगणक उभा करतो. प्रोसेसर, स्क्रीन, आवाजाचं कार्ड, सगळं त्या काळचं. खेळाला वाटतं, आपण अजून १९९०मध्येच आहोत. नातवाने 'माउंट' ही आज्ञा देऊन खेळाचं फोल्डर त्या खोट्या संगणकाची सी ड्राइव्ह म्हणून जोडलं, प्रिन्स असं टंकलं आणि राजवाडा समोर उभा राहिला.

तो म्हणाला, "आबा, एवढा खटाटोप कशाला केला आपण? इंटरनेट अर्काइव्हवर हा ब्राउझरमध्येच खेळता येतो." खरं आहे. त्यांनी २०१५ साली असे सुमारे २,४०० डॉस खेळ खुले केले. पण आमच्या सीडीवर खेळाशेजारी आणखी एक लहानशी फाइल होती, खेळ पुरा करणाऱ्यांच्या नावांची. सुरुवातीची गोष्ट संपल्यावर पडद्यावर ती यादी आली. पहिलंच नाव, इंग्रजी अक्षरांत: आई. चार मिनिटं शिल्लक.

हे अर्काइव्हच्या प्रतीत कुठून असणार?

हिला बोलावलं. चष्मा लावून तिने वाचलं आणि काही न बोलता खुर्ची ओढली. पण संधिवाताने बोटं आखडली आहेत. शिफ्ट दाबून धरून दुसऱ्या हाताने बाण दाबायचा, ते जमेना. दोनदा राजपुत्र खड्ड्यात पडला. मग ती नातवाला म्हणाली, "तू बस. मी सांगते तसं कर. आधी तलवार शोध. रिकाम्या हाताने शिपायासमोर गेलास तर मेलास." इतक्या वर्षांनंतर तिला फरशी न् फरशी पाठ होती. कुठली खचते, कुठून खिळे वर येतात, सगळं.

तेव्हा वाटलं, डॉसबॉक्सने जुनं यंत्र दिलं, बोटं नातवाने दिली, पण वाट माहीत असलेलं माणूस कुठल्याही कार्यक्रमात मिळत नाही. ते आहे तोवरच कपाटं उघडायला हवीत. खुद्द मेकनर यांच्या ॲपलवरच्या मूळ आज्ञावलीच्या फ्लॉपी हरवल्या होत्या. २०१२ साली त्यांच्या वडिलांना त्या घरातल्या एका खोक्यात सापडल्या, आणि जुनी यंत्रं जाणणाऱ्या लोकांनी त्या वाचून काढल्या. लोक होते म्हणून जमलं.

तुमच्या घरी जुन्या सीडी, फ्लॉप्या असतील तर आताच उतरवून घ्या. त्या कोणाच्या, त्यावर काय आहे, हेही कागदावर लिहून ठेवा. देवनागरीत लिहा हं, मोडीत नको!

असो. सध्या आजी-नातवाची जोडी सातव्या पातळीवर अडली आहे. मला चहा करायला सांगितलंय.