शाहिराला झीलकरी लागतोच!

अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. दरवर्षी १८ जुलैला, त्यांच्या पुण्यतिथीला, तिथून माझ्याकडे फोटो येतात. पत्रकार आहे, बातमी करतो. पण २९ ऑगस्टला फोन गप्प. त्या दिवशी शाहीर अमर शेख गेले. तेही १९६९ मध्येच, बरोबर सहा आठवड्यांनी.

हे दोघे आणि द. ना. गवाणकर. १९४४ मध्ये तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं गाजवली. पोवाडा एकट्याने होत नाही, मागे ‘जी जी’ म्हणणारा लागतो. आपण मात्र जातधर्म बघून शाहीर वाटून घेतले.

हार एकाला घाला, पण नावं तिघांची घ्या!