व्यायामशाळेचा जमाखर्च

8 सप्टेंबर 2025, सोमवार
अनंत चतुर्दशी झाली, चाकरमानी मुंबईला परतले. आज व्यायामशाळेसाठी गाळा पाहून आले. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, केशवसुत स्मारकापासून चालत येण्याजोगा. भाडं 9,000, अनामत 50,000. मालक गणपतीपुळ्याच्या गर्दीचा हवाला देत होते. पण देवदर्शनाला आलेला माणूस इथे डंबेल उचलायला येणार नाही. माझ्याकडे येतील ती लॉजवर काम करणारी मुलं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, गुडघे धरलेल्या चाळिशीच्या बायका. महिन्याला 700 रुपयांपलीकडे त्यांना झेपणार नाही. म्हणजे हिशेब 700 पासून मागे मांडत जायचा.

13 सप्टेंबर, शनिवार
कोल्हापूरहून यंत्रांचं कोटेशन आलं: 7,20,000, जीएसटी वेगळा. 18 टक्के धरले की 8,49,600. आंबा घाट उतरून निवळी, जाकादेवीमार्गे ट्रक येणार; वाहतूक आणि जोडणीचे 35,000. यादीत दोन ट्रेडमिल आहेत, प्रत्येकी दीड लाखाच्या.
बाबांनी यादी वाचली आणि विचारलं, "खाऱ्या वाऱ्याचं काय?" खरा प्रश्न तोच. आमच्याकडे खिडकीचे गज दर पावसाळ्यानंतर घासून रंगवावे लागतात. पुलीच्या मशीनमधली तार, बेअरिंग, वजनं सरकतात ते चकचकीत दांडे, सगळ्यांवर आधी गंज चढणार. विक्रेत्याला सांगितलं, पोकळ पाइपची तोंडं बंद करून द्या, पावडर कोटिंग जाड हवं. तेल, ग्रीस, तार बदलणं यासाठी महिन्याला 1,500 बाजूला. हा आकडा कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

22 सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
आजपासून जिमच्या शुल्कावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. सकाळपासून अभिनंदनाचे निरोप येताहेत. माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या जवळपासही जाणार नाही, त्यामुळे नोंदणीच लागत नाही आणि शुल्कावर कर लावायचा प्रश्न येत नाही. पण मशीनवर भरलेला करही परत मिळणार नाही. तो भांडवली खर्चातच धरायचा.

28 सप्टेंबर, रविवार
पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाची माहिती नीट वाचली. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. अर्ज करणारच. मात्र अनुदानाची रक्कम बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून राहते, हातात येत नाही. पहिल्या पावसाळ्यात भाडं द्यायला ती उपयोगाची नाही, म्हणून माझा ताळेबंद अनुदान वगळून.
तळवलकरांच्या जिमचं नाव मुंबईत 1932 पासूनचं. 2010 साली कंपनी शेअर बाजारात आली आणि 2019 साली तिची कर्जाची देणी थकली. एवढ्या मोठ्या नावाला जे पेललं नाही, ते 700 रुपयांच्या वर्गणीवर मी अंगावर घ्यायचं नाही, हे आज पक्कं केलं.

2 ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
दोन्ही ट्रेडमिल काढल्या. करासकट 3,54,000 वाचले, यंत्रं 4,95,600 वर आली. त्या दोन्हींसाठी 3 लाख जास्त कर्ज काढलं असतं तर हप्ता महिन्याला साडेसहा हजारांनी वाढला असता, म्हणजे नऊ सभासदांची वर्गणी नुसती हप्त्यात. शिवाय वीज आणि स्टॅबिलायझर वेगळा. पळायला गायवाडीचा किनारा आहे. लोखंडी प्लेटा, बार, डंबेल, बेंच यांवर खर्च करावा. गंज घासून पुन्हा वापरता येतो असा हा ऐवज.

5 ऑक्टोबर, रविवार
रात्री महिन्याचा खर्च मांडला. भाडं 9,000, संध्याकाळचा प्रशिक्षक 12,000 (सकाळी मी), वीज 4,000, साफसफाई 2,500, तेल-ग्रीस 1,500, पाच लाखांच्या कर्जाचा 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 10,900. एकूण 39,900. म्हणजे 57 सभासद झाले की तोंडमिळवणी, आणि माझा पगार त्यानंतर.
पण 57 सभासद बारा महिने टिकणार नाहीत. एप्रिल-मे आंब्याचा, तरुण पोरं पहाटेपासून बागेत, पेट्या भरण्यात. जून-जुलै लावणीचा. दिवसभर चिखलात वाकलेली बाई संध्याकाळी बैठका मारायला यायची नाही, यावी असं म्हणणंही बरोबर नाही. या चार महिन्यांत 35 जण धरले तर दरमहा 15,400 कमी पडतात, चार महिन्यांचे 61,600. सुरुवातीला सभासद हळूहळू जमतील, तेव्हाही तूट येईल. म्हणून दीड लाख राखीव. बाबा म्हणाले, "एवढे पैसे नुसते ठेवायचे?" कलमांना मोहोर येण्याआधी खत-फवारणीचे पैसे ते कसे बाजूला ठेवतात, तेवढं विचारलं. त्यांनी मान डोलावली.

11 ऑक्टोबर, शनिवार
शेवटचा ताळा: यंत्रं 4,95,600, वाहतूक-जोडणी 35,000, रबरी फरशी, आरसे, वायरिंग, रंग 1,40,000, अनामत 50,000, राखीव 1,50,000. एकूण 8,70,600. कर्ज 5 लाख, उरलेले माझ्या साठवणीतले.
दुपारी 3 ते 5 फक्त बायकांसाठी ठेवली. ही वेळ काहींना तोट्याची वाटते. मला ती सोडायची नाही. इथल्या बायकांना घरकाम पुष्कळ, व्यायामाची जागा मात्र कुठेच नाही.
उघडायचं 1 डिसेंबरला. आंब्याची गडबड सुरू होण्याआधी चार चांगले महिने मिळतात.