वाळवंटात येणारा पूर

बोत्स्वानातील ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. ती कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तेथेच विरते. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत येथे पोहोचतो, तो नेमका जून ते ऑगस्टच्या कोरड्या हिवाळ्यात. हा सोहळा उतारवयातही अवश्य पाहावा. अनुभवी वाटाड्यासह तंबू हलवीत जाता येते. मात्र पहाटे गारठा फार, लोकरीचे कपडे हवेतच.

मोकोरो या अरुंद होडीत अगदी खाली बसावे लागते; चढताना हात मागावा. मोरेमी अभयारण्यातील तळांना कुंपण नसते; रात्री हत्ती, तरस तंबूंजवळून जातात. लघुशंकेसाठी अंधारात बाहेर पडणे धोक्याचे. म्हणून पहिल्याच दिवशी वाटाड्याला निःसंकोच सांगून तंबूतच भांड्याची सोय करून घ्या. लघवी वाढविणाऱ्या गोळीची वेळ व हिवतापाचे प्रतिबंधक औषध डॉक्टरांना आधीच विचारा. रुग्णालय दूर असते. औषधे जास्तीची घेऊन दोन पिशव्यांत विभागून ठेवा.

सोबत जाणाऱ्या मुलांनी हे विषय आपणहून काढावेत. आईवडील बहुधा काढणार नाहीत. ते रात्रभर अवघडून जागे राहतील आणि सकाळी ‘छान झोप लागली’ म्हणतील.