भाषेचे बिऱ्हाड

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहावे, निदान गोल्डन गेटच्या पुलावर तरी लिहावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. नायगारा मी पाहिला नाही. पूल पाहिला, पण त्याच्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की, माझ्या भाराने तो वाकायचा! तेव्हा मी सांगणार आहे ते बर्कलेच्या एका करड्या, काँक्रीटच्या, दहामजली इमारतीबद्दल.

मुळात मी गेलो होतो आईला परत आणायला. आमचा सदाशिव पेठेतला वाडा पडला आणि आई धाकट्याकडे फ्रीमाँटला गेली. त्याने तिची कायम राहण्याची सगळी कागदपत्रे केली होती. शहात्तराव्या वर्षी उपटलेले झाड परक्या मातीत धरते थोडेच, असे माझे मत. फोनवर ती "बरं आहे" म्हणे. पण आईचे 'बरं आहे' कोणत्या सुरातले, हे मुलांना कळते. तिचे परतीचे तिकीट मी काढूनच निघालो होतो.

आठवडाभर तो विषय माझ्या ओठांवर येऊन परत जात होता. धाकट्याने ते ओळखले असावे. एके सकाळी म्हणाला, "दादा, चल, तुला तुझ्या विषयातलं काहीतरी दाखवतो. भाषेचं." 'बार्ट' या आगगाडीने आम्ही बर्कलेला उतरलो आणि विद्यापीठाचा चढ चढू लागलो. रेडवूडची उंचच उंच झाडे, मध्यावर घंटांचा पांढरा मनोरा, मागे वळून पाहावे तो खाली उपसागराचे निळे पाणी. इतके सारे देखणे सोडून धाकटा थांबला तो 'इव्हान्स हॉल'पुढे. १९७१ सालची ही इमारत. भूकंपात धोक्याची म्हणून ती रिकामी करून पाडायची, असे विद्यापीठाने ठरवले होते.

"पाडायची वास्तू बघायला साता समुद्रापलीकडे आणलंस होय? ती मी घरीच बघून आलोय!"

"वास्तू नव्हे रे. हिच्यातून एक भाषा बिऱ्हाड हलवून गेली, ते सांगायचंय."

मग तिथल्या हिरवळीवर बसून त्याने सांगितले ते असे.

लिस्प ही संगणकाला हुकूम सोडण्याची भाषा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत ती रचायला घेतली. तिच्यात सारा कारभार याद्यांचा. कंसात यादी, त्या यादीत पुन्हा यादी. यादीतले पहिले काढायचे तर म्हणायचे 'कार', उरलेले हवे तर 'कुडर'. ही नावे म्हणजे आयबीएम ७०४ या यंत्राच्या ३६ बिटांच्या शब्दात जे दोन भाग असत, त्यांवरून पडलेली आद्याक्षरे.

पुढे एमआयटीतच लिस्पमध्ये 'मॅक्सिमा' नावाची प्रणाली उभी राहिली. आपण वहीत अक्षरे मांडून बीजगणित सोडवतो, तसे ती यंत्रात सोडवी. पण तिचा संसार फार वाढला. ज्या पीडीपी-१० यंत्रावर ती नांदत होती, त्याला २,६२,१४४ शब्दांपलीकडचा पत्ताच लिहिता येत नसे. खोल्या पुरेनात! या प्रणालीवर काम केलेले रिचर्ड फेटमन तोवर बर्कलेला आले होते. १९७८ साली तिथे व्हॅक्स नावाचे ऐसपैस यंत्र आले, आणि मॅक्सिमाला त्यावर नांदता यावे म्हणून फेटमन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नवी लिस्प घडवली. पोरेच ती! संगीतकार फ्रान्झ लिस्ट याच्या नावावर कोटी करून त्यांनी भाषेला नाव दिले 'फ्रान्झ लिस्प', आणि तिच्या कंपायलरला, म्हणजे यंत्राच्या बोलीत उतरवून देणाऱ्या दुभाष्याला, 'लिस्ट'.

परंतु व्हॅक्स म्हणजे चाळीतला सार्वजनिक नळ. एक यंत्र आणि पाणी भरायला रांग. घरातला नळ आला तो वर्कस्टेशनच्या रूपाने: एका मेजावरचे, एकाच माणसाच्या मालकीचे यंत्र. सन कंपनी १९८२ साली निघाली. तिच्या चौघा संस्थापकांपैकी विनोद खोसला जन्माने पुण्याचे, हे ऐकून माझी मान उगीचच ताठ झाली. त्याच वर्षी सनच्या पहिल्या नमुना-यंत्रावर फ्रान्झ लिस्प हलवायला सुरुवात झाली.

हलवणे सोपे नव्हते. व्हॅक्स संख्या साठवी ती आपल्या 'पंचवीस'सारखी, धाकटा भाग आधी. सनच्या पोटातली मोटोरोला ६८००० ही चिप मात्र इंग्रजांसारखी, थोरला आधी. व्हॅक्सची सोळा रजिस्टरे, चार राखीव सोडली तर, कोणत्याही कामाला चालत. इथे सोवळे-ओवळे! आठ रजिस्टरे आकड्यांची, आठ पत्त्यांची. दुभाष्याने वर्षानुवर्षे घोटलेली यंत्राची बोली नव्याने शिकायची. टिकली ती आळ्यांची रीत. फ्रान्झ लिस्प एकेका जातीच्या वस्तूला स्मृतीची वेगळी पाने देई. कासारआळी म्हटले की कासार, तसे पत्त्यावरूनच कळे की इथे संख्या राहते की यादी.

मी विचारले, "दुभाष्या लिस्पमध्येच लिहिलेला ना? मग नव्या यंत्रावर लिस्प नसताना तो चालणार कसा?"

"आईनं इथं पहिलं दही कसं लावलं?"

"शेजारणीकडून वाटीभर विरजण आणून."

"तसंच. जुन्या यंत्रावर दुभाष्याकडून त्याचंच भाषांतर नव्या बोलीत करून घ्यायचं आणि ते इकडे आणायचं. एकदा विरजण लागलं की पुढचं दही घरचं."

"आणि ते कार, कुडर? ते ७०४ यंत्र तर केव्हाच मोडीत गेलं असेल."

"नावं अजून तीच आहेत. यंत्रं बदलली दादा. बोलणारे बोलतच राहिले."

इतक्यात मनोऱ्यावरच्या घंटा वाजू लागल्या. दोघेही गप्प बसून राहिलो.

संध्याकाळी घरी आलो. आई पुतणीला सांगत होती, "माजघरातून माझा चष्मा आण गं." पोरगी तिथलीच जन्मलेली, आठ वर्षांची. ती धावत गेली ती गालिचा घातलेल्या टीव्हीच्या खोलीत. मी तिला हळूच विचारले, "माजघर म्हणजे काय गं?"

माझ्या अज्ञानाची कीव करीत ती म्हणाली, "काका, जिथे आजी बसते ते!"

चाळीस वर्षांनी ही मुलगी आपल्या घरातल्या कुठल्या खोलीला माजघर म्हणेल, कोण जाणे. ओटी, पडवी, अंगण हे शब्द मात्र आठवडाभरात मी आईच्या तोंडून एकदाही ऐकले नव्हते. सगळे सामान काही नव्या बिऱ्हाडात मावत नाही.

रात्री पानात दही वाढताना आई म्हणाली, "तिकीट काढून आलायस ना माझं?"

मी काही बोललो नाही.

"वाडा बांधून होऊ दे, मग बघू. आधी जेव. आज छान लागलंय."

खरेच, दही सुरीने कापावे इतके घट्ट लागले होते.