नाकानोच्या काचकपाटातील पोलादी वीर

टोकियोच्या शिंजुकु स्थानकातून चुओ मार्गाची जलद गाडी धरली की पुढचेच स्थानक नाकानो. उत्तरेच्या दाराने बाहेर पडताच 'सन मॉल' ही छताखालची बाजारपेठ लागते आणि तिच्या टोकाशी १९६६ साली उभी राहिलेली 'नाकानो ब्रॉडवे' ही इमारत. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. येथील सरकता जिना मधला एक मजला वगळून थेट वर नेतो. नवख्याची थोडी फसगतच होते.

वर 'मांडाराके'ची दालने पसरलेली आहेत. १९८० साली जुन्या चित्रकथांचे एक लहानसे दुकान म्हणून सुरू झालेली ही पेढी आज शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिच्या काचकपाटांत जुने यंत्रमानव ओळीने उभे असतात. वीतभर उंची, पण हातात घेतले की वजन जाणवते.

हे वजनच त्यांचे वैशिष्ट्य. 'माझिंगर झेड' या चित्रकथेतील यंत्रवीर 'चोगोकिन', म्हणजे महामिश्रधातू, या काल्पनिक धातूचा घडलेला होता. 'पॉपी' या कंपनीने १९७३ साली त्याची दोन फूट उंचीची प्लॅस्टिकची बाहुली काढली. १९७४ साली जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली लहान आवृत्ती आणली आणि तिला त्या धातूचेच नाव दिले. खटका दाबला की वीराची मूठ स्प्रिंगच्या जोराने सुटून दूर जाई. मुलांनी त्या मुठी मनसोक्त उडवल्या आणि अर्थातच हरवल्या. खोकी तर त्याच दिवशी केरात गेली.

म्हणूनच मुठी, क्षेपणास्त्रे, माहितीपत्रक आणि खोके यांसह पूर्ण असलेला नग दुर्मीळ. रिकाम्या खोक्यालाही येथे गिऱ्हाईक आहे. साहजिकच नव्याने छापलेली खोकी आणि नंतर घडवलेले सुटे भाग बाजारात शिरतात, आणि मग सारा व्यवहार येऊन ठेपतो विक्रेत्याच्या शब्दावर. मालासोबतच्या चिठ्ठीवर किमतीखाली उणिवाही लिहिलेल्या आढळतात : रंग उडालेला, सांधा सैल, खोक्याची कड फाटलेली. आपला दोष आपणच आधी सांगून भाव मागण्याची ही रीत व्यापारी घराण्यांतील वाचकांना विशेष पाहण्याजोगी वाटेल.

खरेदीच्या बाजूलाही शिस्त आहे. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाराला १९४९ च्या कायद्यान्वये परवाना लागतो. चोरीचा माल खपू नये म्हणून विकणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी लागते, वहीत नोंद ठेवावी लागते. बालपणीचे खेळणे विकायला आलेल्या गृहस्थालाही त्यातून सुटका नाही.

१९८३ साली 'पॉपी' ही 'बांदाई' या मूळ कंपनीत विलीन झाली. १९९७ पासून त्याच वीरांच्या अधिक रेखीव आवृत्त्या प्रौढ ग्राहकांसाठी निघू लागल्या. त्या देखण्या आहेत, यात शंका नाही. तरीही काचेपुढे रेंगाळणारे पन्नाशी-साठीचे ग्राहक बहुधा जुन्याच, रंग उडालेल्या वीराकडे बोट दाखवतात, आणि मुठी दोन्ही आहेत ना, एवढे आधी विचारतात.